जोडीदार परदेशात, समन्स अमळनेरात: बजावणीतल्या या चुका टाळा

जोडीदार परदेशात असला तरी घटस्फोटाचा अर्ज इथेच करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार, भारताबाहेर राहत असेल, तर अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायालयात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातही, प्रकरण दाखल होतं. ते रखडतं समन्सच्या बजावणीत, म्हणजे हजर राहण्याचा न्यायालयाचा कागद जाबदाराच्या हातात पोहोचवण्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समन्स सासरच्या पत्त्यावर काढणं. नवरा टेक्सासात, बेलीफ (समन्स पोहोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी) अमळनेरच्या घरी. सासरे सही करतात आणि बजावणी झाली असं धरून प्रकरण एकतर्फी, म्हणजे नवऱ्याच्या गैरहजेरीत, चालतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १५ नुसार घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, पण तो माणूस जाबदारासोबत राहणारा हवा. मुलगा पाच वर्षं अमेरिकेत असेल तर वडील त्याच्यासोबत राहतात असं म्हणता येत नाही. मग घटस्फोटाचा हुकूम झाल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नवरा आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करतो आणि एकतर्फी हुकूम रद्द होऊ शकतो. त्याला तारीख माहीत होती, यायला वेळही होता, अशी न्यायालयाची खात्री पटली तर हुकूम वाचतो. पण त्यासाठी पुरावा लागतो. दरम्यान अर्जदाराचं दुसरं लग्न झालं असेल तर गुंता किती वाढतो, हे सांगायला नको. म्हणून दावा दाखल करतानाच परदेशातला राहता पत्ता द्या: अपार्टमेंट क्रमांक, पिनकोड, पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच. आखातात बहुतेकांचा पत्ता फक्त पोस्टबॉक्स असतो. तिथे कंपनीचं नाव, इमारत आणि फोन जोडा.

दुसरी गोष्ट देशाची. परदेशात न्यायालयीन कागद बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार आहे आणि भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत. दुबईसाठी तो चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा १९९९ चा वेगळा करार आहे. सौदी आणि कतारही हेग कराराबाहेर आहेत. जर्मनीने टपालाने थेट बजावणीला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तिथे साध्या रजिस्टर पोस्टवर विसंबू नका.

हेग मार्गाने जाताना ठरलेला नमुना भरून समन्स, अर्ज आणि जोडपत्रं दोन प्रतींत लागतात. एकच संच पाठवला की फाइल परत येते. अर्ज मराठीत असेल तर अमेरिका-ब्रिटनसाठी इंग्रजी आणि जर्मनीसाठी जर्मन भाषांतर जोडा. अमेरिकेत बजावणीचं शुल्क लागतं. ते ९५ डॉलर होतं. भरण्याआधी चालू रक्कम तपासा, कारण शुल्काशिवाय विनंती पुढे सरकत नाही.

तारीख जवळची घेऊ नका. आपल्याकडे महिन्याभराची पुढची तारीख पडते आणि समन्स तिकडे पोहोचेपर्यंत ती उलटून गेलेली असते. मग नवं समन्स, पुन्हा भाषांतर, पुन्हा खर्च. किमान सहा महिन्यांची तारीख मागा आणि कारण अर्जात लिहा. कागद पाठवून सहा महिने झाले, वाजवी प्रयत्न करूनही बजावणीचा दाखला आलाच नाही, तर हेग कराराच्या कलम १५ च्या आधारे न्यायालय पुढे जाऊ शकतं. त्यासाठी पाठवल्याच्या पावत्या, स्मरणपत्रं, परत आलेले लिफाफे सगळं जपून ठेवा.

जळगावच्या दैनिकात जाहीर समन्स छापून मोकळं होणं हीही चूक. आदेश ५ नियम २० प्रमाणे जाबदार शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणारं वृत्तपत्र लागतं, आणि त्याआधी नेहमीच्या मार्गाने बजावणी होत नाही हे शपथपत्रावर दाखवावं लागतं. व्हॉट्सअॅपचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुली प्रकरणात निळ्या खुणा ग्राह्य धरल्या होत्या, पण परदेशी पत्त्यासाठी एवढ्यावर थांबू नका. न्यायालयाची परवानगी घेऊन ईमेल आणि व्हॉट्सअॅप जोडीला वापरा, स्क्रीनशॉट दाखल करा.

दोघं बोलत असतील तर ही पायपीट करायची गरजच नाही. जाबदाराने वकिलातीत (दूतावासात) साक्षांकित केलेलं वकीलपत्र पाठवून वकील हजर केला की समन्सचा प्रश्न मिटतो. त्यातही घटस्फोटाला दोघांची संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज करा आणि जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेण्याची विनंती पहिल्याच तारखेला लेखी द्या.