मैफलीच्या अंधुक उजेडासाठी परवडणारी लेन्स

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) पूर्ण झूम केली की अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/५.६ वर अडकतं. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ/१.८ ची लेन्स जवळपास दहापट प्रकाश आत घेते; म्हणजे तेवढ्याच शटर स्पीडला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १२८०० ऐवजी १२५० च्या आसपास भागतं.

कॅमेऱ्यात क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) असेल तर आधी ५० एमएम एफ/१.८ घ्या. चार-पाच मीटरवरून बसलेला गायक पूर्ण चौकटीत येतो. तबला-पेटीसकट मंच हवा असेल तर ३५ एमएम, मागच्या रांगेतून ८५ एमएम. एफ/१.४ चा हट्ट नको: किंमत बरीच चढते, फायदा जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). स्टॅबिलायझेशनसाठीही जादा पैसे मोजू नका. ते आपला हात सावरतं, तबलजीची बोटं नाही. बोटांना १/५०० सेकंदाचा शटर स्पीड लागतो, गायकाला १/१६० पुरतो.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, परत द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स (ज्यांत स्वतःची मोटर नसते) त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. अंधारात ते जमत नाही.

एफ/१.८ वर फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) थोडी असते आणि कॅमेरा हमखास मायक्रोफोन पकडतो. एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. तरी निसटत असेल तर एफ/२.२ करा.