बैठक मारताना कंबर एका बाजूला सरकत असेल तर

बारबेल (वजनाच्या चकत्या लावायचा लांब दांडा) खांद्यावर घेऊन बैठक मारताना कंबर एका बाजूला सरकत असली, तरी समोरच्या आरशात ते नीट दिसत नाही. बडोद्यातील आमच्या व्यायामशाळेत फरशीचे सरळ सांधे यासाठी फार उपयोगी पडतात.

१. फरशीच्या एका सांध्यावर शरीराचा मध्य ठेवावा आणि दोन्ही टाचा त्यापासून सारख्या अंतरावर टेकवाव्यात. पाठीमागे कंबरेच्या उंचीवर मोबाईल ठेवून २० किलोच्या रिकाम्या दांड्याने चार-पाच बैठकांचे चित्रीकरण करावे.

२. ट्रॅकपँटचा कमरपट्टा नेमका कोठे तिरपा होतो, ते चित्र थांबवून पाहावे. अगदी खाली गेल्यावरच तो तिरपा होत असेल, तर आधी घोटे तपासावेत: पायाचा अंगठा भिंतीपासून चार-पाच बोटे अंतरावर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. माझ्या मते ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आखडलेला घोटा कंबरेला दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि लोक मात्र विनाकारण कंबरेचेच व्यायाम करत राहतात. आखडलेल्या बाजूला गुडघा भिंतीला टेकवण्याचा हाच ताण रोज द्यावा.

३. एक पाय पुढे, एक मागे ठेवून मारायच्या बैठका कमकुवत पायापासून सुरू कराव्यात. त्या पायाला जितक्या जमतील, तितक्याच दुसऱ्याने माराव्यात. कमरपट्टा सरळ राहू लागेपर्यंत वजन वाढवू नये.

पायात मुंग्या येत असल्यास किंवा कंबरेची कळ खाली उतरत असल्यास व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय कंबर सरळ करण्यासाठी एका बुटात जाड तळवा घालू नये.