पिकअपखालची स्टेपनी आणि तिची सुरक्षा तार : या चुका टाळा

माझे गॅरेज हिंगणघाट ते पांढरकवडा या पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ४४ पासून थोडे आत आहे. दिवाळीनंतर कापूस निघू लागला की पिकअप गाड्यांची रीघ लागते आणि त्यांतल्या बहुतेकांना ब्रेक, क्लच किंवा पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) काम करून हवे असते. गाडीखाली शिरल्यावर मी मात्र आधी स्टेपनी हाताने हलवून पाहतो. ती हलली तर मालकाला खाली वाकून पाहायला लावतो, आणि मालक बहुतेक वेळा उभ्या उभ्याच सांगतो, "काही होत नाही जी, मी रोजचाच आहो या रस्त्यानं."

पिकअप आणि मोठ्या जीपगाड्यांमध्ये स्टेपनी मागच्या बाजूला, चेसिसच्या खाली, विंचच्या (तार गुंडाळणाऱ्या छोट्या यंत्राच्या) तारेला टांगलेली असते. मागून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घालून फिरवली की तार गुंडाळली जाते आणि तारेच्या टोकाची थाळी चाकाच्या लोखंडी डिस्कच्या मधल्या भोकात अडकून चाक वर ओढून धरते. म्हणजे सगळा भार एका तारेवर, एका थाळीवर आणि एका ब्रॅकेटवर असतो. सुरक्षा तार ही या रचनेबाहेरची दुसरी तार आहे. एरवी ती काहीच काम करत नाही. विंच, थाळी किंवा ब्रॅकेट यांपैकी काहीही तुटले तर चाक रस्त्यावर न पडता गाडीखाली लोंबकळत राहावे, एवढ्यासाठीच ती असते. डिस्कसह २२ किलोचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाने सुटले, तर त्याच्या अंगी तेच चाक सुमारे १४ मीटर उंचीवरून टाकल्याइतका जोर असतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून चाक खाली फेकण्याची परवानगी आपण कोणाला देणार नाही. स्टेपनीच्या बाबतीत मात्र ती देऊन मोकळे होतो.

विंचच्या ब्रॅकेटलाच सुरक्षा तार बांधणे

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते, आणि ती करणारा माणूस निष्काळजी नसतो, हे विशेष. निष्काळजी माणूस दुसरी तार बांधतच नाही.

सहा वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, एक पिकअपमालक सकाळी सकाळी माझ्याकडे आले. पिकअपच्या हौद्यात स्टेपनी, विंच, ब्रॅकेट, जाड साखळी आणि पितळी कुलूप, असा सगळा संसार एकत्र गुंतलेला पडला होता. आदल्या रात्री बाजार समितीत कापूस उतरवून परत येताना एका गावाजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि हे सारे एकदम निखळले. ब्रॅकेटच्या एका बाजूचा बोल्ट कधीचाच गेलेला होता आणि दुसऱ्या बाजूच्या वेल्डिंगला तडा होता. तड्यातला गंज जुना असल्यामुळे हे एका रात्रीत झालेले नव्हते हे उघड होते. चाक रस्ता ओलांडून शेजारच्या तुरीत घुसले. मागे एक मोटारसायकलस्वार होता. पिकअपची धूळ तोंडावर येते म्हणून त्याने अंतर वाढवले होते, तेवढ्यावर तो वाचला, आणि भला माणूस असा की चाक तुरीतून काढून तोच ढकलत घेऊन आला.

साखळी मालकांनी स्वतः आणून, स्वतः बांधलेली होती, आणि त्यांना तिचा अभिमानही होता. ती चाकातून घेऊन विंचच्या ब्रॅकेटभोवती फिरवून कुलूपबंद केलेली होती, त्यामुळे ब्रॅकेट गेल्याबरोबर साखळीही गेली. "जसं होतं तसंच वेल्डिंग करून द्या, भाऊ. साखळी तर तुटली नाही ना जी," असे ते म्हणाले. साखळी तुटली नव्हती, हे खरेच होते. कुलूपही शाबूत होते आणि किल्लीने पहिल्या फटक्यात उघडले.

तेव्हापासून मी खडू वापरतो. गाडीखाली जाऊन मनाशी धरायचे की ब्रॅकेट चेसिसपासून सुटले; त्याच्याबरोबर जे जे खाली येईल, त्यावर खडूने रेघ मारायची. सुरक्षा तारेचे वरचे टोक रेघ मारलेल्या कोणत्याही भागावर असेल, तर तार नसल्यातच जमा आहे. वरचे टोक चेसिसच्या आडव्या दांड्याभोवती, म्हणजे क्रॉस मेंबरभोवती गेले पाहिजे. खालचे टोकही थाळी जिथे बसते त्या मधल्या भोकातून न घेता, डिस्कच्या कडेच्या भोकांपैकी एकातून घ्यावे, कारण मधल्या भोकात तार कोंबली की थाळी तिरपी बसते आणि सुरक्षेसाठी आणलेली तारच मूळ पकड सैल करते.

जागा सोयीची दिसते म्हणून काही जण तार पाट्याला किंवा मागच्या हाउसिंगला, म्हणजे मागच्या आसाच्या कवचाला, गुंडाळतात. हे दोन्ही भाग प्रत्येक खड्ड्यावर चेसिसच्या मानाने वर-खाली होतात, त्यामुळे तार रोज हजारदा ताणली जाते. ब्रेक पाईप आणि वायरिंग यांच्याबद्दल मला लिहावे लागू नये असे वाटते, परंतु ब्रेक पाईपवरून ओढून घेतलेली तार मी दोनदा पाहिली आहे.

चिखलासकट चाक वर ओढणे

आपल्याकडची काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही तोच शेतकरी पावसाळ्यात पांधण रस्त्यावर पंक्चर झाल्यावर चिखलाने माखलेले चाक तसेच विंचला लावतो, घट्ट होईपर्यंत टॉमी फिरवतो आणि निघतो. त्या वेळी चाक खरोखरच घट्ट बसलेले असते, पण ते ब्रॅकेटवर बसलेले नसून मधल्या चिखलाच्या थरावर बसलेले असते. दोन दिवस ऊन पडले की चिखल आकसतो, ढेकळे गळून पडतात आणि चाक तेवढेच सैल होते. सैल चाक प्रत्येक धक्क्याला डोलते, तार विंचच्या तोंडाशी त्याच एका ठिकाणी वाकत राहते आणि शेवटी तिथेच तिचे धागे तुटू लागतात. विंचची तार मधोमध तुटलेली मी क्वचितच पाहिली आहे.

म्हणून चाक वर घेण्यापूर्वी डिस्कची वरची बाजू आणि ब्रॅकेटचे टेकू खरवडून साफ करावेत. पाणी नसेल तर पाना, काडी, चप्पल, हाताला येईल ते वापरावे. चाकाची कोणती बाजू वर असावी, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते; ते प्रत्येक गाडीचे वेगळे असते आणि शेजाऱ्याची गाडी पाहून ठरवायचे नसते. नंतर साधारण ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉमी लावावी. हे दुसऱ्यांदा लावणे कोणीही करत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या सैल स्टेपन्यांचे कारण बहुतांशी तेच असते.

येथेच खतांचाही विषय येतो. पोट्याशचे खत म्हणजे क्लोराइडचे मीठ आहे. पोते फाटले, हौद्याच्या सांध्यातून खत खाली झिरपले आणि वर पाऊस पडला, की ते पाणी थेट विंचच्या तारेवर येते. मिठाने तार कशी खाल्ली जाते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. तिथल्या थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने स्टेपनीची तार गंजते म्हणून टोयोटाने २०१० साली आपल्या सिएना गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि त्यांची संख्या सुमारे ६ लाख होती. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण हौद्यात आहे. खताची फेरी झाली की गाडीच्या पोटाखाली पाणी मारावे, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, विंचची तार पूर्ण खाली सोडून पुसून तिला ग्रीस लावावे.

तार फार लांब ठेवणे किंवा अगदी ताठ ओढणे

तार लांब राहिली तर विंच तुटल्यावर चाक रस्त्याला टेकते, फरफटते आणि कशात तरी अडकून जोराचा हिसका देते. ६ मिलिमीटरची पोलादी वायररोप नवी असताना साधारण दोन टनांच्या ओढीला तुटते, म्हणजे २२ किलोच्या चाकाचे नुसते वजन तिला काहीच नाही. तिला मारतो तो हिसका. उलट तार अगदी ताठ ओढली, तर ती सुरक्षा तार न राहता रोजचे वजन वाहू लागते, आणि विंच सैल झाल्याचे कोणाला कळतही नाही.

मी चार बोटे जातील इतकी ढील ठेवतो. मग चाकांना दगड लावून, टॉमीने विंच हळूहळू सोडतो आणि सगळे वजन सुरक्षा तारेवर येऊ देतो. चाक जमिनीपासून किती वर राहिले, हाउसिंगला किंवा सायलेन्सरला लागते का, हे त्या अवस्थेत पाहतो. ही परीक्षा भरलेल्या गाडीवर करावी, कारण माल भरला की पाटे बसतात आणि रिकाम्या गाडीत दिसणारी मोकळी जागा राहत नाही. घाई असलेल्या मालकांना ही अर्ध्या तासाची परीक्षा म्हणजे गॅरेजवाल्याचा वेळकाढूपणा वाटतो. मी तिचे पैसे घेत नाही, पण केल्याशिवाय गाडीही सोडत नाही.

तारेची गाठ मारणे

वायररोपला दोरासारखी गाठ मारली की तिची ताकद जवळपास निम्मी होते. तारेचा फासा करून त्यावर यू क्लॅम्प लावावेत, आणि ते तीन असावेत. क्लॅम्पची वाकडी यू-पट्टी नेहमी तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर यावी आणि खोबणीचा भाग वजन घेणाऱ्या तारेवर बसावा. उलटे लावल्यास यू-पट्टी वजनाच्या तारेलाच चेपून कमजोर करते. नवी मुले हे दर वेळी उलटे लावतात आणि नट मात्र अंगातला सगळा जोर लावून आवळतात. दोन क्लॅम्पमध्ये तारेच्या जाडीच्या सुमारे सहापट अंतर ठेवावे आणि तारेवर एकदा वजन आल्यानंतर नट पुन्हा आवळावेत. क्रॉस मेंबरच्या धारेवर तार घासते तिथे मी ठिबकच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून चढवतो. संत्र्याच्या बागा काढल्या की अशा नळ्या फुकट मिळतात, आणि चिरलेल्या असल्याने त्यांत पाणी साचत नाही.

बाकीच्या चुकांवर फार लिहिण्यासारखे नाही. बैलाचे दावे किंवा नायलॉनची दोरी सायलेन्सरजवळ टिकत नाही आणि चिखलातल्या रेतीने आतून झिजते. सळाखी बांधायची बारीक तार ही सळाखी बांधण्यासाठीच असते. इम्पॅक्ट गनने विंच आवळू नये; आतले दाते तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. पंक्चर झालेले चाक बदलल्यावर घरी पोहोचेपर्यंत सुरक्षा तार सोडलेलीच ठेवण्याची पद्धत आहे, आणि ते घरी पोहोचणे कधी कधी आठवडाभर चालते.

सुरक्षा तारेचे खालचे टोक कशाने जोडावे, हा शेवटचा मुद्दा. कुलूप नको, दोन पावसाळ्यांत ते गंजून बंद होते आणि किल्ली घरी राहते. मी १० मिलिमीटरच्या बोल्टचे डी शॅकल, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची कडी, लावतो, त्याला लॉकनट देतो आणि १७ चा पाना स्टेपनीच्या टॉमीलाच बांधून ठेवतो. पाना गाडीत नसला तर रात्री अकराला, पंक्चर झालेल्या गाडीपाशी उभा राहिलेला चालक कुठून तरी हॅक्सॉ मागून आणतो आणि तार कापतो. अशा कापलेल्या तारांची टोके दर हंगामात पाच-सहा गाड्यांच्या क्रॉस मेंबरला लोंबताना मला दिसतात.