नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि गिटार

गिटारच्या लाकडाला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. मे महिन्यात नागपुरात दुपारची हवा २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि कूलर लावलेल्या खोलीत तीच हवा दमट होते. कूलर बंद केला की पुन्हा कोरडी. घात होतो तो इथे. लाकूड ओलावा घेऊन फुगतं, सोडून आक्रसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने. रोजची ही ओढाताण त्याला सोसत नाही. म्हणून मार्च ते जून गिटार भिंतीवरच्या हुकाला टांगू नका, स्टँडवरही नको. वाजवून झाली की हार्ड केसमध्ये. केस कूलरच्या झोतात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही.

केसमध्ये डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, हवाच. स्वस्तातला चालतो, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाण्याने ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून १० तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचा हायग्रोमीटर ५ने कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवायचं.

उन्हाळ्यात केसमध्ये ओलावा टिकवायला प्रवासी साबणदाणीच्या झाकणाला आठ-दहा भोकं पाडून आत स्पंज ठेवा. आरओचं पाणी घ्या आणि स्पंज घट्ट पिळा. थेंब गळला तर डाग पडतो, फळी सुटते. एक डबी हेडस्टॉकखाली (तारांच्या खुंट्या असतात ते टोक), दुसरी मानेच्या टाचेजवळच्या, म्हणजे मान धडाला जुळते तिथल्या, कप्प्यात. आकडा ४५च्या खाली आला की पुन्हा भिजवा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, रोज बघा.

कोरडेपणा बोटाला आधी कळतो. मानेच्या कडेवरून बोट फिरवा; फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचली तर फ्रेटबोर्ड, म्हणजे त्या बसवलेली लाकडी पट्टी, आक्रसलाय. मग ब्रिजच्या (धडावर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे स्टीलची पट्टी आडवी धरा. तिथे किंचित फुगवटा असतोच. पट्टीच्या मधोमध फट दिसली तर वरची फळी खचली आहे, आता चीर जायला वेळ लागत नाही. टोकं लगेच कानशीने घासू नका, आधी दोन आठवडे ओलावा द्या. प्लायच्या गिटारला हा त्रास कमी, पण तिचाही फ्रेटबोर्ड बहुधा अखंड लाकडाचाच असतो.

उन्हात उभ्या गाडीत गिटार दहा मिनिटंही नको, डिकीत तर नकोच. ब्रिजचा गोंद ६५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि लाइट गेजच्या (पातळ) सहा तारा मिळून सुमारे ७० किलोने त्याला ओढत असतात. प्रवास टळत नसेल तर तारा एक सूर उतरवा.

पाऊस लागला की उलटं. साबणदाण्या काढा, कापडी पुरचुंडीत १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास वाळवा. जुलैत फळी फुगून तारा उंच वाटतील. त्यासाठी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासू नका. घासलेलं परत येत नाही, आणि हिवाळ्यात फळी बसली की त्याच तारा फ्रेटवर खरखरतील.