शुक्राणूंचा काउंट कमी आला? पुढचे तीन महिने असे काढा

लग्नाला वर्ष उलटलं आणि दिवस जात नाहीत, की आमच्या भागात आधी सुनेला दवाखाना, मग सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नवस, आणि नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काहीतरी दोष निघतो, आणि वीर्यतपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. बेळगावात लॅबमध्ये अठरा वर्षं मी हेच नमुने बघतोय. त्यांत एकदा माझाही होता.

नमुना देणं सोपं आहे. आधी दोन ते सात दिवस संबंध नको. डबी लॅबचीच घ्या. साबण, तेल, थुंकी काही लावू नका, साधा निरोध तर नकोच. पहिले थेंब सांडले असतील तर सांगा, शुक्राणू त्यांतच जास्त असतात. घरून आणणार असाल तर तासाच्या आत, शर्टाच्या आत अंगाच्या उबेला धरून आणा. खानापूरहून एकानं बर्फात घालून आणला होता. मासळी नव्हे हो ती!

रिपोर्ट वाचताना घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के अशी आहे. ‘९६ टक्के खराब’ म्हणून काउंटरवर रडणारे मी पाहिलेत. आकडा कमी असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. शून्य असेल तर मात्र सवयी सुधारत बसू नका, थेट युरॉलॉजिस्ट गाठा.

आता हिशेब. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, बाहेर पडेपर्यंत आणखी दहा-बारा. म्हणजे आजच्या रिपोर्टात तुमचे मागचे तीन महिने दिसतात. मधे टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर तोही दिसतो. पंधरा दिवस गुटखा सोडून ‘काय फरक पडला नाही बघा’ म्हणत येणाऱ्यांना मी आता चहासुद्धा विचारत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्यात भट्टीपुढं उभे राहत असाल तर काम बदलून मागा. मांडीवर लॅपटॉप नको, घट्ट चड्डी नको. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटानं येणाऱ्या बाटलीला सुट्टी. ढेरी उतरवा. उसात फवारणी करताना हातमोजे, तोंडावर मास्क, आणि घरी आल्याबरोबर आंघोळ. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन देत असेल तर तिथून उठा. ते बाहेरून आलं की मेंदू वृषणांना द्यायचा निरोप थांबवतो; दंड फुगतात आणि काउंट पार शून्यावर जातो. परत यायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. आधीच घेत असाल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

राहिली तंबाखू. गाडं अडतं ते इथंच. विडी असो, मावा असो, चुना लावून मळलेली असो, ती शुक्राणूंची संख्याही खाली आणते आणि चालही. माझं गाव निपाणीजवळ, वखारीच्या वासातच वाढलो. वडिलांची चंची माझ्याकडं आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तीनदा सोडली, तीनदा धरली.

‘हळूहळू कमी करा’ असं सांगणाऱ्यानं कधी तंबाखू मळलेली नसते. मी दिवसाचे बारा बार सहावर आणले आणि प्रत्येक बार दुप्पट केला! तारीख ठरवा आणि एकदम बंद करा. त्या आठवड्यात लग्न, जत्रा, म्हाईचं जेवण नको. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट: डोकं जड, चिडचिड, आणि रिकाम्या डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप फिरतो.

पण मला तिन्ही वेळा हरवलं ते सकाळच्या संडासानं. चिमूटभर तंबाखूशिवाय पोटच हलत नाही, हे खाणाऱ्यालाच कळतं. चौथ्या दिवशी माणूस ‘फक्त सकाळची एक’ म्हणतो आणि संध्याकाळी डबी पुन्हा खिशात. ही अडचण खरी आहे, निकोटीन थांबलं की बद्धकोष्ठ होतं. म्हणून सोडायच्या आदल्या रात्रीपासूनच इसबगोल घ्या, सकाळी दोन तांबे कोमट पाणी, रोज पपई. दोन-तीन आठवड्यांत पोट आपलं आपण चालायला लागतं. चौथ्या वेळी मी एवढंच वेगळं केलं होतं.

तोंडात बडीशेप ठेवा. सुपारी नको, तिनंही तोंडाचा कॅन्सर होतो. डॉक्टरांना विचारून निकोटीनची चावायची गोळी (गम) घेतलीत तर ती साध्या च्युइंगमसारखी चघळत राहू नका. दोन-चारदा चावा आणि बार धरल्यासारखी गालात धरा. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. १८००-११२-३५६ या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो. बांधावर कुणी ‘घे की रे चिमूटभर’ म्हणालं, तर दाढ काढलीय म्हणून सांगा. मी वर्षभर एकच दाढ काढत होतो.

तीन महिने झाले की त्याच लॅबमध्ये, आधी पहिल्या वेळेइतकेच दिवस संबंध न ठेवता नमुना द्या, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही. माझा आकडा चढला, हालचाल सुधारायला मात्र सहा महिने गेले. आणि बायको पस्तिशीच्या पुढं असेल तर हे तीन महिने नुसते थांबून काढू नका, तिची तपासणी याच आठवड्यात सुरू करा.