नव्या घरात टीव्ही जोडताना: इंग्लंडला नवीन आलेल्यांसाठी

ऑगस्ट-सप्टेंबरात नवीन मंडळी यायला लागली की आमच्या लंडनजवळच्या रीडिंग-स्लाव भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर तेच प्रश्न फिरतात. घर कुठे घ्यावं, शाळा कुठली बरी, जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं. त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मी टीव्हीबद्दल लिहितेय. नव्या घरातला पहिला शनिवार-रविवार टीव्ही जोडण्यात जातो. माणूस सामान उचलून दमलेला असतो, बँकेचं खातं नुकतंच उघडलेलं असतं, मुलं कार्टूनसाठी मागे लागलेली असतात. फसायला याहून सोयीची वेळ नाही, आणि त्या वेळी फसलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

आधी सरळ मार्ग सांगते. टीव्हीवर नेटफ्लिक्स, यूट्यूब, प्राइम, झी५ काहीही उघडून साइन इन म्हटलं की पडद्यावर एक क्यूआर येतो आणि बहुधा शेजारी एक छोटा कोडही. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की एक पत्ता दिसतो. तो वाचायचा, मगच त्यावर बोट ठेवायचं. फोनवर तुम्ही आधीच साइन इन असाल तर 'या टीव्हीला परवानगी द्यायची का' असं विचारलं जातं. हो म्हटलं की टीव्ही आपोआप पुढे सरकतो. या सगळ्यात तुमचा पासवर्ड टीव्हीकडे जातच नाही. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत, घरभर पाहुणे बघत असताना पासवर्ड टाकण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली. ती जरूर वापरा.

पत्ता वाचायचा म्हणजे काय ते नीट बघा. सुरुवातीचं 'https://' दिसत असेल तर ते सोडून पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचायचं. 'नेटफ्लिक्स डॉट कॉम', मग रेघ, मग 'टीव्ही८' हे बरोबर. 'यूट्यूब डॉट कॉम', रेघ, 'ॲक्टिव्हेट' बरोबर. 'डिस्नेप्लस डॉट कॉम', रेघ, 'बिगिन' बरोबर. पण 'नेटफ्लिक्स डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असं दिसलं तर ती साइट अमुकतमुकवाल्याची आहे, नेटफ्लिक्सची नाही. सुरुवातीला ओळखीचं नाव दिसलं की आपण पुढचं वाचत नाही, आणि लबाड माणूस त्यावरच विसंबलेला असतो.

आता यातली गोम. तुम्ही फोनवर परवानगी देता ती 'ज्या पडद्यावर हा कोड आहे त्याला माझ्या खात्यात येऊ दे' अशी असते. तो पडदा तुमच्या दिवाणखान्यात आहे की आणखी कुठे, हे त्या कोडवरून कळत नाही. आपल्या लोकांत एक सर्रास प्रकार चालतो. टीव्हीवरच्या क्यूआरचा फोटो काढायचा, घरच्या गटावर टाकायचा आणि लिहायचं, 'दादा, तुझ्या खात्यातून जरा स्कॅन कर ना.' पुण्यातला दादा स्कॅन करतो, इथे टीव्ही सुरू होतो, सगळे खूश. उद्या तुमचा व्हॉट्सॲप कुणी बळकावला आणि तुमच्या नावाने त्याच गटावर तसाच फोटो टाकला, तरी दादा तितक्याच मायेने स्कॅन करणार. व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हाइस याच धर्तीवर चालतं. तिथे दुसऱ्याच्या पडद्यावरचा क्यूआर स्कॅन केलात तर तुमचे सगळे निरोप त्याच्या संगणकावर वाचता येतात. म्हणून फोटोतून आलेला साइन इनचा क्यूआर कधीही स्कॅन करू नका, सख्ख्या भावाचा असला तरी. फारच गरज असेल तर व्हिडिओ कॉल लावा आणि समोरचं माणूस व टीव्ही दोन्ही डोळ्यांनी बघून मग परवानगी द्या. आईवडिलांनाही हे फोनवर बजावून सांगा.

भारतातून आलेल्या माणसाला इथे जास्त जपावं लागतं, त्याला कारण आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत भाजीवाली, रिक्षा, चहाची टपरी, देवळाची दानपेटी, सगळीकडे तो चौकोन लागला. आपला हात आता विचार न करता फोन पुढे करतो. पण तिथे आपण पैसे देण्याच्या ॲपमधून स्कॅन करतो. ते ॲप समोरच्याचं नाव दाखवतं, पिन मागतं, आणि दुकानातला स्पीकर पैसे आल्याचं मोठ्याने सांगतो. इथे फोनचा साधा कॅमेरा धरला की क्यूआर तुम्हाला कुठल्याही वेबसाइटच्या दारात नेऊन सोडतो. मधे नाव तपासणारं कुणी नसतं. ते काम तुम्हालाच करायचं आहे.

आता ज्या चुकीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. आमच्याच रस्त्यावर एक तरुण जोडपं नाशिकहून राहायला आलं. नवा टीव्ही आणला, क्यूआर स्कॅन केला, पण मधे बाळ रडलं म्हणून अर्धा तास गेला. परत येऊन पाहतात तर 'कोड चालत नाही' असा निरोप. हे कोड थोड्या वेळाने रद्द होतात. टीव्हीवर मागे जाऊन पुन्हा साइन इन म्हटलं असतं तर नवा कोड आला असता, एवढंच काम होतं. त्यांनी फोनवर 'टीव्ही ॲक्टिव्हेशन हेल्पलाइन' असं शोधलं. सगळ्यात वर जाहिरात होती आणि तिच्यात नंबर होता. फोन उचलणारा हिंदीत बोलला. "नासिक से हैं? अरे, हमारे मामाजी वहीं रहते हैं." परदेशात दहा दिवस इंग्रजीशी झटापट केल्यावर कानावर असा आवाज पडला की माणूस विरघळतो. तो म्हणाला, देश बदलल्यामुळे खातं अडकलंय, पाच पौंड शुल्क भरा, लगेच परत मिळेल. मी स्क्रीन बघून मदत करतो, एवढं एक ॲप टाका. त्यांनी टाकलं. मग बँकेचं ॲप उघडायला लावलं, कोड आला तो वाचून दाखवायला सांगितला. दोन महिन्यांचं भाडं भरायला ठेवलेले पैसे त्या एका फोनमध्ये गेले.

म्हणून सांगते आणि पुन्हा सांगते. टीव्हीवर साइन इन करायला वर्गणीपलीकडे एक पेनीही लागत नाही. 'ॲक्टिव्हेशन फी' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. साइन इन करण्यासाठी कुणालाही फोन करावा लागत नाही. मदतीचा नंबर सर्च इंजिनवर शोधू नका, त्या सेवेच्या ॲपमधल्या मदत विभागातूनच घ्या. तुमची स्क्रीन बघणारं ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही टाकू नका. बँकेचा कोड फोनवर वाचून दाखवायचा नसतो, ऐकणारा मराठीत बोलत असला तरी. आपल्या भाषेत बोलतो तो आपला, ही समजूत परदेशात आपल्याला फार महागात पडते. आपली माणसं इथे एकमेकांना खूप मदत करतात, मलाही मिळाली आहे. पण मदत करणारा तुमच्या खात्यात डोकावत नाही.

टीव्ही लायसन्सबद्दलही, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी पैसे भरून काढायच्या इथल्या परवान्याबद्दलही, भीती आणि गोंधळ दोन्ही आहेत. घरात शिरल्या शिरल्या 'रहिवासी' अशा नावाने कडक भाषेतलं पत्र येतं. घाबरू नका, तशी पत्रं सगळीकडे येतात. नियम असा: कुठल्याही वाहिनीवरचा कार्यक्रम तो प्रसारित होत असतानाच बघत असाल, किंवा आयप्लेअर ही बीबीसीची ऑनलाइन सेवा वापरत असाल, तर लायसन्स लागतं. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे तुमच्या सवडीने बघायला लागत नाही. परदेशी वाहिन्यांनाही हे लागू आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. भारतातली रात्री आठची मालिका हिवाळ्यात इथे दुपारी अडीचला लागते. ती त्याच वेळी ॲपवर थेट वाहिनी लावून बघितली तर लायसन्स हवं, संध्याकाळी कामावरून आल्यावर साठवलेला भाग बघितला तर नको. लायसन्सचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झालं, आणि ते बदलतं, तेव्हा भरण्याआधी बघून घ्या. विनालायसन्स बघताना पकडलं आणि खटला चालला तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर मित्रांनी मिळून एकाच करारावर घेतलं असेल तर एक पुरतं, खोलीखोलीचे करार वेगळे असतील तर ज्याचं त्याने काढायचं.

'तुमचं लायसन्स संपलं, हप्ता नाकारला गेला' अशा खोट्या ईमेलांचा इथे सुळसुळाट आहे. खऱ्या ईमेलात तुमचं नाव किंवा पोस्टकोडचा काही भाग असतो. तरी मी म्हणेन, दुव्यावर जाऊच नका, स्वतः साइट उघडून बघा. नेटफ्लिक्सच्या नावाने येणाऱ्या 'पेमेंट अडकलं' निरोपांनाही हेच.

आणि ती टीव्हीला जोडायची, चोरीच्या वाहिन्या दाखवणारी पेटी. कुणीतरी ओळखीचा, किराणा दुकानात किंवा गटावर भेटलेला, सांगेल की वर्षाला थोडे पैसे दे, सगळ्या मराठी-हिंदी वाहिन्या, क्रिकेट, नवे सिनेमे, सगळं मिळेल. घेऊ नका. ते बेकायदा आहे. विकणाऱ्यांना इथे तुरुंगवास झालेला आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याने असल्या भानगडीच्या आसपास जाऊ नये. शिवाय ती पेटी तुमच्या घरच्या वायफायवर बसते, तिच्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दहा-बारा वर्षं इथे राहिलेली, चांगल्या पगाराची माणसं नवख्यांना ही पेटी सुचवतात, याचा मला मनापासून राग येतो.

भारतातली वर्गणी इथे तशीच चालेल असं धरू नका. नेटफ्लिक्स चालतं, पण इथला संग्रह दिसतो. प्राइमवर बरंच गायब होतं. खात्यांशी भारतातला नंबर जोडलेला असेल तर ते सिम रिचार्ज करून जिवंत ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

टीव्हीपलीकडचा एक क्यूआर मात्र सांगायलाच हवा, पार्किंगच्या यंत्रावरचा. खऱ्या फलकावर खोटा स्टिकर चिकटवून कार्डाचे तपशील लाटण्याचे प्रकार इथे अनेक शहरांत झाले आहेत, आणि कौन्सिलांनी, म्हणजे इथल्या नगरपालिकांनी, इशारेही दिले आहेत. फलकावरून नख फिरवून बघा. कड हाताला लागली तर लांब राहा. त्याहून बरं म्हणजे रिंगगो किंवा पेबायफोन यांपैकी फलकावर नाव असेल ते ॲप फोनवर आधीच ठेवा आणि फलकावरचा जागेचा क्रमांक हाताने टाका.

तरीही फसलात तर लाजून घरी बसू नका. लगेच १५९ फिरवा, तो बहुतेक बँकांच्या फसवणूक विभागाला जोडून देतो. संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवायचा, पैसे लागत नाहीत. तक्रार ०३०० १२३ २०४० वर नोंदवायची. स्कॉटलंडमध्ये असाल तर पोलिसांना १०१ वर. ७ ऑक्टोबर २०२४ पासूनचा नियम असा की फसवून तुमच्याच हातून देशातल्या देशात बँक ट्रान्सफर करून घेतली असेल, तर ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम बँकेने परत द्यायची असते. त्यातून १०० पौंडांपर्यंत ती कापू शकते, आणि तुम्ही घोर निष्काळजीपणा केला असं ती म्हणू शकते, म्हणून सगळे निरोप, नंबर, वेळा लिहून ठेवा. देशाबाहेर गेलेले पैसे यात बसत नाहीत. कार्डाने दिलेल्या पैशांचा मार्ग वेगळा, त्यासाठी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागा.

सामानासकट घर भाड्याने घेतलं असेल तर टीव्हीत आधीच्या भाडेकरूची खाती उघडीच सापडतात. ती वापरू नका, सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही मूळ स्थितीला आणा आणि मग स्वतःचं साइन इन करा. घर सोडतानाही तेच करा. हॉटेलात साइन इन करून तसेच निघून आला असाल तर घरी बसून खात्याच्या पानावरून सगळी उपकरणं एकदम साइन आउट करता येतात. त्यानंतर घरचा टीव्ही पुन्हा क्यूआर दाखवेल, तो मात्र बिनधास्त स्कॅन करा.