घर गावी, पोट सुरतेला: अंतर पडलेले कुटुंब जोडून कसे ठेवावे

सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर भागातली कित्येक माणसे सुरतेतल्या उधना-लिंबायतकडे यंत्रमागावर आणि कापडबाजारात कामाला गेली. कुणी पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत गेले, तर नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. अशा घरांत नाते एकाएकी तुटत नाही. गेलेला माणूस हळूहळू नुसता पैसे पाठवणारा उरतो आणि मागे राहिलेले नुसते पैसे घेणारे. म्हणून दूर असलेल्याचा घरच्या निर्णयांत आणि कामांत वाटा राहील, एवढे सर्वांनी मिळून सांभाळावे.

सुरुवात फोनपासून करावी. ‘जेवलास का? बरा आहेस ना?’ याच्या पुढे बोलणे सरकत नाही, ते माया आटल्यामुळे नव्हे, तर एकमेकांचा दिवस कसा जातो हेच ठाऊक नसल्यामुळे. तेव्हा नेमके विचारावे: कपाशीवर बोंडअळी दिसते का, विहिरीला पाणी किती आहे, केळीचा माल कधी निघेल, आणि गावाकडून विचारावे, की रात्रपाळी आहे की दिवसपाळी, खोलीत सोबत कोण असते, मालकाने बाकी दिली का. व्हिडिओ कॉल लावलाच, तर फोन डब्याला टेकवून ठेवावा, आईने कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापत राहावे आणि मुलाने आपला डबा भरत राहावे. हात कामात असले की माणूस आपसूक बोलता होतो. नातवंडे गुजरातीत किंवा हिंदीत उत्तरे देत असली, तरी आजीने आपली अहिराणी सोडू नये, कारण कानावर पडत राहिलेली भाषा मुले गावी आल्यावर चार दिवसांत बोलू लागतात.

गावी राहिलेल्या सुनेचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. नवऱ्याचा फोन सासऱ्यांच्या मोबाइलवर, स्पीकर लावून, सगळ्यांच्या देखत होत असेल, तर ती स्वतःच्या दुखण्याबद्दल किंवा मनातल्या भीतीबद्दल काय बोलणार? तिच्याकडे स्वतःचा फोन असावा, दोघांच्या बोलण्याची वेळ वेगळी ठरवावी, आणि घरखर्चाचे पैसे तिच्या नावाच्या बँकखात्यात यावेत. सासूबाईंना हे खटकू नये म्हणून मुलाने आईशी स्वतः, आधीच बोलावे. ते काम बायकोवर टाकू नये.

बैलजोडी विकणे, विहीर खोल करणे, बहिणीचे स्थळ पाहणे, अशा गोष्टी ठरल्यावर कळवू नयेत, ठरवण्यापूर्वी विचाराव्यात. उलट, पैसे मी पाठवतो म्हणून शेवटचा शब्द माझा, असे दूर राहणाऱ्यानेही धरू नये. उन्हातान्हात शेत पाहणाऱ्या भावाचे कष्ट पैशांत मोजले जात नाहीत. जमिनीचा विषय वडील हयात असतानाच, बहिणींना बसवून बोलावा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, हे तेव्हाच स्पष्ट असलेले बरे. शहरात जाताना गावच्या रेशनकार्डातून नाव कापण्याची घाई करू नये. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत एकाच कार्डावरचे काही धान्य सुरतेत आणि उरलेले गावी घेता येते.

सुट्ट्या मोजक्याच मिळत असतील, तर प्रत्येक लग्नाला धावण्यापेक्षा आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई (खानदेशातला देवीचा उत्सव) या दोन सणांसाठी त्या राखाव्यात. आखाजीला बहिणी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे एकाच फेरीत सगळ्यांच्या भेटी होतात. श्रावणातल्या कानबाईला सगळे भाऊबंद एकत्र जमतात, आणि रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, तयारीपासून विसर्जनापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला काम येते; तिथे शहरातून आलेल्याला कुणी पाहुण्यासारखे बसवून ठेवत नाही. मुलांनाही त्या कामाला लावावे.

आजारपणाची व्यवस्था अगोदरच लावून ठेवावी. ‘पोरगा उगाच काळजी करेल’ म्हणून म्हातारी माणसे ताप, चक्कर, पडणे लपवतात. त्यांचे दुखणेखुपणे लगेच फोनवर कळवण्याची जबाबदारी गावातल्या एका शेजाऱ्याला किंवा चुलत भावाला द्यावी, दवाखान्यासाठी थोडी रक्कम त्याच्याकडे ठेवावी, आणि हे सारे आई-वडिलांच्या समोर ठरवावे, म्हणजे त्याने पुढे केलेला फोन त्यांना चहाडी वाटणार नाही.